कडेवरचं लेकरू

आजी वाकळ शिवायला बसली की गोष्ट निघायची. आमच्या नेरकडे तिला ‘वाकय’ म्हणतात. वाकळीतला ‘ळ’ मला पुढे शाळेच्या पुस्तकात भेटला. कवेलूंच्या छपरीत जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर विरलेल्या धोतरांचे आणि परकरांचे थर, चार कोपऱ्यांवर चार दगड आणि मधोमध आजी. सुईचं नेढं तिला दिसत नसे, म्हणून दोरा ओवून द्यायला आम्ही पोट्टे भोवती. एकेक दोरा संपेपर्यंत गोष्ट पुढे सरकायची. दोरा संपला की थांबायची, आणि आम्ही घाईघाईनं दुसरा ओवायचो.

गोष्ट बहुतेक वेळा एकच. सुरुवात मात्र कधी बोटीपासून, कधी दुष्काळापासून, तर कधी एकदम लेकरापासून. ‘दोन वर्साची पोरगी कडेवर, अन् चालली बाई विलायतेले!’ असं म्हणून आजी सुई हवेत धरायची आणि आमच्याकडे बघायची. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. पोरगी म्हणजे मनोरमा.

पुढे मी शिक्षिका झाले, रमाबाईंवरची पुस्तकं मिळतील तशी वाचली. त्यांत विद्वत्ता होती, धर्मांतराचे वाद होते, पुण्यातल्या वर्तमानपत्रांतली खडाजंगी होती. आजीला त्यातलं थोडंफार ठाऊक होतं, पण तिचे प्रश्न निराळेच असायचे. बोटीवर गाय होती का? नसेल तर दूध कोठचं? दुपटी कुठं वाळत घातली? लेकराला रात्री हगवण लागली तर समुद्रात वैद्य कुठून आणायचा? ‘थ्या पुस्तकवाल्याइले इचार,’ असं ती मला सांगायची. मी इतकी वर्षं शोधते आहे. पुस्तकवाल्यांनी यातलं फारसं काही लिहून ठेवलेलं नाही.

नेर म्हणजे नेर-परसोपंत, यवतमाळहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावरचं. कापसाचं गाव. दिवाळी झाली की रस्त्यानं कापसाच्या बंड्यांची रांग लागायची आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकायचे. गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. आजोबा शाळामास्तर. रविवारची उपासना आमच्याच छपरीत व्हायची, आणि कधीमधी यवतमाळहून पाळकसाहेब आले की आजी रोडगे भाजायची. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, सोबत तुरीचं घट्ट वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पाळकसाहेबांचं प्रवचन मला एकही आठवत नाही. रोडग्याचा वास अजून आठवतो.

ही गोष्ट आजीकडे आली तिच्या आईकडून, माझ्या पणजीकडून. पणजीला मी पाहिलं असं मला वाटतं, पण खरंच पाहिलं की ऐकून ऐकून डोळ्यांपुढे उभी राहिली, हे आता सांगता येत नाही. पणजी ‘मुक्तीची’. आमच्या घरात हा शब्द माहेरच्या गावासारखा बोलला जाई. अमकी दारव्ह्याची, तमकी कारंज्याची, तशी पणजी मुक्तीची. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं रमाबाईंचं मुक्ती सदन हेच तिचं माहेर, कारण खरं माहेर दुष्काळानं खाल्लं होतं.

१८९६-९७ चा एक दुष्काळ आणि मागोमाग १८९९-१९०० चा दुसरा. पहिल्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपाशी मुलींना, बायांना गोळा करून घेऊन गेल्या. पणजी कोणत्या दुष्काळात गेली याबद्दल घरात दोन मतं होती. आजी म्हणायची पहिल्या, आत्या म्हणायची दुसऱ्या. वयाचा हिशेब मांडला तर आत्याचं बरोबर वाटतं, पण आजीसमोर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. कुणा पाद्रीसाहेबानं तिला तिथं नेऊन पोचवलं, एवढं मात्र दोघी सांगायच्या. आईबापांची नावं पणजीला आठवत होती, गावाचं नाव आठवत नव्हतं. एक पिंपळ आणि एक विहीर एवढंच आठवायचं. वऱ्हाडात कोणत्या गावाला पिंपळ आणि विहीर नाही!

केडगावला मुली दळण दळायच्या, माग चालवायच्या, शेती बघायच्या, घाण्यावर तेल काढायच्या. छापखानाही मुलींच्याच हातात होता. पणजी तिथं खिळे जुळवायला शिकली. त्यामुळे तिला उलटी अक्षरं वाचता यायची. समोरच्या माणसाच्या हातातलं पत्र ती आपल्या बाजूनं वाचून टाकायची, म्हणून गावात कुणी तिच्यासमोर पत्र उघडत नसे, असं आजी सांगायची. मनोरमाबाई तेव्हा मोठ्या झालेल्या, शाळेचा कारभार बघणाऱ्या. पणजीनं त्यांना रोज पाहिलं. आणि कुणी तरी थोरल्या बाईनं तिला सांगितलं, की ह्या मनोरमाबाई एवढ्याशा असताना आईच्या कडेवर बसून समुद्र ओलांडून गेल्या होत्या. आईबाप गेलेल्या पोरीच्या मनात ते वाक्य किती खोल गेलं असेल, हे मला आता या वयात कळतं.

रमाबाईंना प्रवास नवा नव्हताच. १८५८ साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला त्या जन्मल्या. सहा महिन्यांच्या असताना वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बिऱ्हाड मोडलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणलं. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. आजीच्या गोष्टीत त्या पेटीची टोपली झाली होती, आणि टोपलीत खाली पळसाची पानं अंथरलेली असायची. पळस आमच्याकडचा. आजीनं तो सह्याद्रीत नेऊन लावला.

मग यात्रा, पुराणं, दुष्काळ. आईवडील गेले, बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. भाऊही गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, पुढच्या वर्षी मनोरमा, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. चोविसाव्या वर्षी पदरात दहा महिन्यांचं लेकरू. हे सगळं आजी एका दोऱ्यात उरकायची. ‘मरणं मोजत बसलं तं बोट कवा सुटंन?’ असं म्हणायची.

बोट सुटली ती १८८३ च्या एप्रिलात, मुंबईहून. पुण्यात आल्यावर रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या विक्रीतून वाटखर्च जमला. जायचं होतं डॉक्टरकी शिकायला. वांटेज गावच्या सेंट मेरी द व्हर्जिन मंडळाच्या सिस्टर पुण्यात काम करत होत्या, त्यांच्या ओळखीनं वांटेजच्याच मठात राहायची सोय झाली. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण, आणि नुकतीच दोन वर्षांची झालेली मनू. विधवेनं समुद्र ओलांडायचा, तोही एप्रिलच्या उकाड्यात, तांबड्या समुद्रातून, सुएझच्या कालव्यातून. हा प्रवास रमाबाईंनी ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून पत्ररूपानं लिहिला आणि तो छापलाही गेला.

शिदोरी मात्र आमच्या पणजीनं बांधून दिली. म्हणजे गोष्टीत. सातूचं पीठ, भाजलेल्या मुगाच्या डाळीची भरड, गुळाची ढेप, ज्वारीच्या लाह्या, वेखंडाचा तुकडा, बाळंतशेप, जायफळ, आणि लेकराच्या टाळूवर घालायला गोडेतेल. आजीनं त्यात खारोड्या घातल्या. मी मुलींना गोष्ट सांगताना त्यात सुंठ घातली. रमाबाईंनी बोटीवर काय नेलं ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या मागे चार पिढ्यांच्या बाया डबे भरत बसल्या आहेत एवढं खरं.

खाण्यावरून आठवलं. वांटेजला रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. अंडं घातलेल्या गोड पदार्थालाही त्या हात लावत नसत आणि मठातल्या बायांना त्याचं कोडं पडे. पुढे २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तरी ताट बदललं नाही. आमची आजी जन्माची ख्रिस्ती, पण ती हे मोठ्या अभिमानानं सांगायची. ‘देव बदलला म्हून जीभ बदलते काय?’ आमच्याही घरात नाताळला करंज्या, शेव, चकल्याच व्हायच्या.

त्याच दिवसांत, त्याच वांटेजला, आनंदीबाई भगत यांनी आपल्या हातानं जीवन संपवलं. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची. तिथून गोष्ट पुढे ढकलायला तिला वेळ लागायचा. परक्या मुलखात दोघी आल्या होत्या, त्यातली एक अशी गेली, आणि दुसरीच्या मांडीवर लेकरू होतं. ‘लेकरू होतं म्हून वाचली,’ असं आजी म्हणायची. हे खरं की नाही कोण सांगणार? मी मात्र ते वाक्य कधी खोडलं नाही.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात लाडका भाग. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी या मायलेकींची जबाबदारी घेतली होती. मनोरमेला तिथं जेराल्डीनमध्ये आजी सापडली. घरात त्यांचं नावच ‘आजीबाई’ पडलं. पुढे वर्षानुवर्षं जी पत्रं गेली-आली त्यांत हा मराठी शब्द इंग्रजी मजकुरात तसाच बसलेला दिसतो. ती पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ग्रंथरूपानं काढली. यवतमाळच्या वाचनालयात ते जाड पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं आणि ‘आजीबाई’ हा शब्द वाचून तिथंच बाकावर बसून रडले. माझी आजी तेव्हा नुकतीच गेली होती.

त्या आजीबाईंचं आणि रमाबाईंचं भांडणही झालं, आणि तेही लेकरावरूनच. मनोरमेला धर्म कुणी शिकवायचा, किती शिकवायचा, तिनं कुणाच्या धाकात वाढायचं? रमाबाई हटून बसल्या. मुलगी आपल्या देशातल्या बायांची राहिली पाहिजे, देशाच्या नावानं तिला कधी खाली मान घालावी लागू नये, असं त्या लिहितात. नातवंडावरून सासू-सुनेचं जे होतं तेच हे, फक्त मठात. वाचताना मला दोघींची बाजू पटते. एकीनं जन्म दिलेला, दुसरीनं रात्री उठून पांघरूण घातलेलं.

१८८६ च्या सुरुवातीला रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी. या दोघींचं दूरचं नातंही होतं. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांतच गेलं होतं. त्या मांडवात पाचव्या वर्षातल्या मनूकडे त्यांनी कसं पाहिलं असेल? हा प्रश्न आजीचा नाही, माझा आहे. पुढे अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरायचं ठरलं तेव्हा रमाबाईंनी मुलीला पुन्हा वांटेजला, आजीबाईंकडे धाडलं. इथं आजीची सुई पुन्हा थांबायची. जिला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं तिला बोटीत बसवून दिलं. १८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई मुंबईला परतल्या आणि ११ मार्चला शारदा सदन उघडलं.

आमच्या यवतमाळचा धागा यात कुठं येतो ते मला फार उशिरा कळलं. यवतमाळला काम करणारी मंडळी फ्री मेथडिस्ट मिशनची. त्यांचं अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपं १८८१ साली या मुलखात आलं, आधी बऱ्हाणपूरला. त्यांच्यामागून जी कुटुंबं आली त्यांचीही लेकरं असायचीच. आजोबा सांगायचे की गोऱ्या पोरांना वऱ्हाडी आधी यायची आणि इंग्रजी मागून. आणि मनोरमा मोठेपणी अमेरिकेत शिकायला गेली ती न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली गावी, फ्री मेथडिस्टांच्याच शाळेत. म्हणजे ज्या मंडळींनी आपली लेकरं आमच्या उन्हात आणली त्यांच्याच घरी आमच्याकडची ही लेक शिकून आली. आजीला हे सांगायला हवं होतं. सांगायचं राहून गेलं.

१९५३ ला यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली; तीस वर्षांनी ती पुण्याला गेली. आमच्या आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्या सेमिनरीत शिकले. आत्या नर्स. १९६२ च्या पावसाळ्यात दोघं नेरला आली आणि छपरीत बसून मामांनी सांगितलं की मंडळीकडून विचारणा झाली आहे, दोन वर्षांसाठी केनियातल्या एका मिशनच्या दवाखान्यात सेवेला जायचं. आत्याच्या मांडीवर नऊ महिन्यांची पोरगी.

मी बारा वर्षांची असेन. कोपऱ्यात तुरीची डाळ पाखडत होते, म्हणून सगळं ऐकलं. आजोबा काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, ‘तुम्ही जा. लेकरू इथं ठेवा.’ ज्या आजीनं जन्मभर ती कडेवरच्या लेकराची गोष्ट सांगितली, तिनं! आत्यानंही जन्मभर तीच गोष्ट ऐकली होती. ती एवढंच म्हणाली, ‘बाई, तूच सांगत आली ना व?’ आमच्याकडे जुन्या घरांत आईला बाई म्हणत. आजी उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर जात्याची घरघर. आजी सातू दळत होती.

पुढचे तीन महिने घर म्हणजे बोटीचं कोठार झालं. लेकराचं नाव आईच्याच पासपोर्टवर चढलं. देवीची लस टोचली, तापानं पोरगी फणफणली, आणि आजीनं यवतमाळच्या दिशेनं बोटं मोडली. झबली, टोपडी, दुपट्यांची चळत. जुन्या लुगड्यांचे इतके लंगोट शिवले की आजीची पेटी रिकामी झाली. मिरच्यांचं वाटण, जवसाची चटणी, खारोड्या, बिबड्या. मामा म्हणत, एवढं सामान बोटीवर घेणार नाहीत. आजी म्हणे, रमाबाईचं घेतलं होतं.

मग बोटीचं नाव कळलं. मुंबईहून मोंबासाला तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी जायच्या, त्यांतली एक कंपाला आणि एक करांजा. लिहितात तसं, पण आजोबांनी पत्र वाचून दाखवलं ते ‘कारंजा’ असं. आजीचा चेहरा उजळला. कारंजा म्हणजे आमच्या शेजारचं, कारंजा लाड! ‘कारंज्याची बोट व्हय? मंग काय भेव नाही.’ तिच्या मनात ती बोट दारव्ह्याहून कारंज्याला जाणाऱ्या शकुंतला आगगाडीसारखी असावी, अडीच फुटी रुळांवरून, हाक मारली तर थांबेल इतक्या बेतानं निघालेली. कुणी तिचा समज मोडला नाही.

दिवाळीनंतर ती निघाली. नेरहून एसटीनं बडनेरा, तिथून मुंबईची गाडी. बडनेऱ्यापर्यंत आम्ही सगळे गेलो. आजीनं फलाटावर लेकराच्या टाळूवर तेल घातलं, भर गर्दीत. तेल ओघळून आत्याच्या खांद्यावर डाग पडला. तो डाग त्या लुगड्यावर राहिला तो राहिलाच.

बोटीवरचं मला आत्यानं पुढे सांगितलं ते तुटक आठवतं. आठ-नऊ दिवस. खालच्या वर्गात गुजराती कुटुंबं, शीख सुतार, गोव्याचे लोक. पहिले दोन दिवस मोठी माणसं ओकून आडवी आणि लेकरू मात्र ठणठणीत, बोट हलते म्हणजे पाळणाच असं समजून झोपलेलं. दुधाची भुकटी होती, पण पोरगी तोंड फिरवायची. शेवटी आजीचं सातूचं पीठ गरम पाण्यात गुळाबरोबर कालवलं आणि ते तिनं खाल्लं. एका गुजराती बेननं अर्धा डबा मागून घेतला, तिच्याही नातवाला तेच लागू पडलं. दुपटी कुठं वाळत घातली हेही मी विचारलं. आजीनं पढवून ठेवलं होतं. लोखंडी कठड्याला बांधून, म्हणाली, आणि त्यातली दोन समुद्रात उडाली.

मोंबासाहून आत आगगाडी. तो लोहमार्ग १८९६ ते १९०१ मध्ये बांधला गेला, आणि तो बांधायला बत्तीसेक हजार मजूर हिंदुस्थानातून, बहुतेक पंजाबातून, बोटींत भरून नेले होते. त्यातले जवळपास अडीच हजार तिथंच मेले. त्या सालांकडे बघताना माझं मन अडखळतं. हीच ती दोन दुष्काळांमधली वर्षं. इकडे आमची पणजी केडगावच्या वाटेवर होती, तिकडे ते रूळ पडत होते, आणि साठ वर्षांनी पणजीची पणती त्या रुळांवरून आईच्या मांडीवर बसून गेली.

निळी हवाई पत्रं यायची. आजोबा वाचायचे, आम्ही भोवती. तिथं मक्याच्या पिठाचं घट्ट उगाली करतात, पालेभाजीशी खातात. ‘म्हंजे आपला घाटाच,’ आजी म्हणाली आणि निश्चिंत झाली. चहाला तिथंही चाय म्हणतात, गाडीला गारी, चपातीला चपाती. दवाखान्यात कपडे धुणारी एक म्हातारी होती, ती लेकराला कांगा नावाच्या रंगीत कापडात बांधून पाठीवर घ्यायची आणि दिवसभर तशीच कामं करायची. आत्या ड्यूटीवर आणि पोरगी म्हातारीच्या पाठीवर. हे पत्र वाचून झालं तेव्हा आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तिले लिहा, तेल लावत जाय म्हणा टायूले.’ कुणाला लिहायचं, आत्याला की म्हातारीला, ते आजोबांनी विचारलं नाही.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. त्या रात्रीबद्दल आत्यानं लिहिलं होतं, पण ते पत्र हरवलं. मला एवढंच आठवतं की लोक रात्रभर नाचले आणि म्हातारी लेकराला पाठीवर घेऊनच नाचली. दोनाची अडीच वर्षं झाली. १९६५ च्या उन्हाळ्यात ती सगळी परत आली.

बडनेऱ्याहून एसटी नेरला आली तेव्हा उन्हं कलली होती. चार वर्षांला टेकलेली पोरगी, दोन घट्ट वेण्या, अंगाला त्या कांग्याच्या कापडाचा शिवलेला झगा. आजी दारात. हातात तांब्या, पोरीवरून पाणी ओवाळून टाकायला. पोरगी आत्याच्या पदराआड. तिला मराठी कळत होतं, पण बोलायची ती तिकडचीच भाषा. आजी खाली बसली, तोंडाजवळ तोंड नेलं. पोरीनं हात पुढे केला आणि कोरड्या ओठांनी म्हणाली, ‘माजी.’

‘आजी म्हणून रायली! पाह्यलं का व, मले आजी म्हणली!’ आजीनं तिला उचलून घेतलं. अख्खी आळी ऐकायला आली. आजोबा चष्मा पुसत होते.

आजी गेल्यावर तिच्या पेटीतलं सामान वाटून घेताना मी आणि आत्या छपरीत बसलो होतो. शेवटची वाकळ अर्धवट राहिली होती, वरच्या थराला त्या झग्याचं कापड. मी दोरा ओवला, कारण आता आत्यालाही नेढं दिसत नव्हतं. तेव्हा तिनं सांगितलं, की तिकडच्या भाषेत माजी म्हणजे पाणी. दिवसभरच्या प्रवासानं पोरगी तहानलेली होती.

‘मंग तू त्या वक्ताले काय केलं?’ मी विचारलं.

‘काय करतो? म्हटलं, बाई, थो तांब्या दे तिले.’

ओवाळायचं पाणी ते. पोरीनं आजीच्या कडेवर बसून दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि सगळं पिऊन टाकलं.